डोकं मागे फिरवलेलं यंत्र

मुलांनो, वारा कुठून येतोय ते दाखवणारा पत्र्याचा कोंबडा तुम्ही पुस्तकात पाहिला असेल. त्याला म्हणतात वातकुक्कुट. आमच्या घनसावंगीच्या मुलांनी तो खराखुरा करायला घेतला. कोंबडा कापून झाला, सळई मिळाली, तीन फुटांचा बाभळीचा खुंटही मिळाला. अडलं ते एका भोकापाशी.

खुंटाच्या माथ्यात, मधोमध, दोन इंच खोल भोक हवं होतं. आणि ते सरळ हवं होतं, बरं का! भोक नुसतं दोन अंश कललं, तरी त्यात रोवलेल्या फूटभर सळईचं टोक सेंटिमीटरभर बाजूला जातं. मग कोंबडा हलक्या वाऱ्याचं ऐकत नाही, जड बाजू खाली करून बसून राहतो. हातात धरायच्या ड्रिलने बाभळीत इतकं सरळ भोक पाडणं कठीणच.

म्हणून आम्ही वर्कशॉप गाठलं. तिथे टेबलावर बसवलेलं ड्रिल मशीन होतं. खाली बिडाचा जड पाया, त्यावर उभा गोल लोखंडी खांब आणि खांबावर मोटर आणि बिट असलेलं डोकं. त्याच्याखाली वस्तू ठेवली की भोक सरळच पडतं. पण बिटापासून पायापर्यंत जागा दीड फुटाची, आणि आमचा खुंट तीन फुटांचा!

"गुरुजी, उंची पुरंना की," मिस्त्री म्हणाले.

"मग खांबच लांब बसवा ना, काका!" एक मुलगी म्हणाली. शाबास! बरेच कारागीर हेच करतात. पण मिस्त्री हसले. "बसवला असता, बाळा, पण मग त्यो डोलंल."

का डोलेल? घरी करून पाहा. फूटपट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबा, दहा सेंटिमीटर बाहेर ठेवा, टोकाला लहानसं वजन अडकवा आणि किती वाकली ते मोजा. आता वीस सेंटिमीटर बाहेर काढा. दुप्पट वाकेल असं वाटतं ना? वाकते साधारण आठपट! वरच्या टोकाला बाजूने रेटा बसला की लोखंडी खांबाचाही हिशेब हाच. खांब जाड केला तर ताठपणा वाढतो. भरीव खांबाचा व्यास दुप्पट, तर ताठपणा सोळापट. पण डोक्यातलं भोक ठरल्या मापाचं, जाड खांब त्यात जायचा कसा? चार-सहा इंच वाढवले तर एक वेळ चालेल, दुप्पट नको, असं माझंही मत झालं. कारखान्यांत उंच कामासाठी रेडियल ड्रिल असतं. त्याचा खांब जाडजूड, आणि त्यावर वर-खाली होणारा, गोल फिरणारा लांब हात.

मिस्त्रींनी आधी प्लग काढला. मशीनची पाठ टेबलाच्या कडेला आणून पाया बोल्टांनी आवळला. डोक्याखाली लाकडी ठोकळे लावले (बोल्ट ढिले केले की ते धाडकन खाली येतं, बोटं चेंगरतात). मग डोकं खांबाभोवती अर्धा फेरा फिरवून टेबलाबाहेर काढलं. आता बिटाखाली थेट जमीन! खुंट जमिनीवर उभा राहिला, माथा टेबलापेक्षा अर्धा फूट वर. टेबल पुढे कलंडू नये म्हणून मागच्या कडेवर चक्क ऐरण ठेवली.

पण मुळात टेबलच तिरकं असेल तर? मिस्त्रींनी बिटाच्या जागी सरळ सळई अडकवली आणि शेजारी ओळंबा धरला. समोरून जुळला, बाजूने नाही. टेबलाच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवत दोन्हीकडून जुळवला. मग खुंटालाही तसाच ओळंबा. मला तर भोकापेक्षा हेच काम मोठं वाटलं.

एक मुलगा खुंट धरायला पुढे झाला. "हात लावायचा न्हाई!" मिस्त्री ओरडले. बिट अडकलं तर लाकूडच गरकन फिरतं आणि मनगट मोडतं. खुंट दोन क्लॅम्पांनी टेबलाला आवळला, मुलं चार पावलं मागे सरली. बिट जरा खाली, पुन्हा वर, भुसा झटकत झटकत पाच मिनिटांत भोक तयार. सळई आत ठोकली, ओळंबा धरला. दोन्हीकडून सरळ!

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी डोकं पुन्हा पुढे फिरवलं. कुळवाच्या फासेला भोकं पाडायची होती.