खुंटलेलें हस्तलिखित

आषाढांत लावलेलें भाताचें रोप पहिले कांहीं दिवस पिवळें दिसतें, मग मूळ धरतें आणि वाढीस लागतें. एखादें रोप मात्र मरतही नाहीं आणि वाढतही नाहीं. चिखलांत नुसतें उभें असतें. आमच्या कासा गांवच्या हस्तलिखित मासिकाची गेलीं दोन वर्षें हीच अवस्था झाली होती.

हें मासिक माझ्या मामंजींनीं सुरू केलें. दर पौर्णिमेस एक प्रत हातानें लिहावयाची, दोऱ्यानें शिवावयाची आणि कापडी पिशवींतून घरोघर पाठवावयाची. घरें चौदा, प्रत्येक घरीं अंकाचा मुक्काम दोन दिवस, शेवटचें पान अभिप्रायासाठीं कोरें. पंधरावें घर आलें कीं महिना पुरणार नाहीं, मग दुसरी प्रत लिहावी लागेल, हा मामंजींचा आवडता मनोरथ होता. तो पुरा होण्यापूर्वींच ते गेले, आणि लेखणी माझ्या हातीं आली.

माझ्या हातीं चौदाचीं नऊ घरें झालीं. कोऱ्या पानावर 'वाचलें, छान आहे' याखेरीज अक्षर उमटेना. मी जाड कागद आणला, गेरूच्या पट्टीवर पांढऱ्या वारली आकृतींची वेलबुट्टी काढली, काश्मीरपासून जीवनसत्त्वांपर्यंत लांब लांब निबंध लिहिले. तरी घरें नऊच! शेवटीं मीं काळाला बोल लावला. हातांतल्या फोनवर सारें जग दिसत असतां ही पिशवी कोण उघडणार, असें मी मनाशीं म्हणूं लागलें.

कसर लागूं नये म्हणून प्रत्येक अंकांत मी कडुनिंबाची एक लहानशी डहाळी ठेवीत असें. मागच्या माघांत पिशवी परत आली. डहाळी ठेवल्या जागींच होती. तिची हिरवट खूण दोन्हीं पानांवर तंतोतंत उमटलेली होती. नऊ घरें हिंडून आलेल्या अंकाचें तें पान कोणीं उघडलेंच नव्हतें. ज्या निबंधासाठीं मीं आठ रात्री जागून काढल्या, तोच तेथें होता.

"सासूबाई, आतां हें बंद करूं या," मी म्हणालें.

त्या तांदूळ निवडीत होत्या. सुपावरून दृष्टि न काढतां त्या म्हणाल्या, "बंद कर हवें तर. पण त्या घरांना एकदां विचारलेंस का? बोर्डीला पोरें बालवाडींत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं पोरांना दोष दिला नाहीं. बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली."

ही गोष्ट आमच्याच तालुक्याची. पण मला ती वेळेवर आठवली नव्हती. १९४५ सालीं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं बोर्डीस काम आरंभिलें, त्यांतूनच अंगणवाडीची कल्पना निघाली. १९५७ सालीं संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तेथें गुरें चारणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच कुरणशाळा निघाली. मासिकांच्या जगांतही हेंच दिसतें. १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघालें तें किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचें पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनीं तें कारखान्यापुरतें ठेवलें असतें, तर तें नांगरांबरोबर शेतांतच राहिलें असतें. त्यांनीं वाचकाच्या घरांत लक्ष घातलें, म्हणून त्याचें घरोघरचें मासिक झालें, आणि १९३० सालीं त्याच्या पाठीस 'स्त्री' आलें.

मी पिशवी न घेतां निघालें. नऊ घरीं गेलें आणि सोडून गेलेल्या पांच घरींही गेलें. एक आजोबा म्हणाले, "अक्षर फार बारीक." एक काकू म्हणाल्या, "अंक कधीं आठ दिवस उशिरां, कधीं पंधरा. वाट पाहण्याची संवयच मोडली." आणि एक सूनबाई हळूच म्हणाली, "रागावूं नका, पण त्यांत आमचें कांहींच नसतें हो."

घरीं येऊन मामंजींचे पहिले अंक काढले. पावसाळ्यांत पापड सादळूं नयेत म्हणून काय करावें? महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेस मुलांना केव्हां न्यावें? प्रत्येक मजकुराच्या शेवटीं एक प्रश्न, आणि पुढच्या अंकांत घराच्या नांवानिशीं उत्तर! माझ्या निबंधांत सारें आधींच सांगून झालेलें असे. वाचणाऱ्यानें बोलावें अशी जागाच मीं ठेवली नव्हती.

मग पानें निम्मीं केलीं, अक्षर मोठें केलें, पौर्णिमा चुकूं दिली नाहीं. अंकाच्या आरंभीं माझा लेख न घालतां मागील प्रश्नाचीं उत्तरें घातलीं. चैत्राच्या अंकांत आमच्याकडे कामास येणाऱ्या वारली बाईंचें कथन त्यांच्याच शब्दांत उतरून घेतलें. लग्नांत सुवासिनी तांदळाच्या पिठानें पालघट देवीचा चौक कसा लिहितात, धवलेरी गाणीं कशीं म्हणते, हें त्यांनीं सांगितलें. वेलबुट्टीसाठीं त्यांच्या आकृति मी वर्षभर उचलीत होतें. त्यांचा अर्थ मात्र एकदांही विचारला नव्हता, याची मला लाज वाटली.

त्या अंकावर एका सद्गृहस्थांनीं लिहिलें, "आपल्या घरच्या मासिकांत हें कशाला?" त्याखालीं त्यांच्याच सूनबाईंनीं लिहिलें, "मला हें फार आवडलें. चौक पुसतात केव्हां, तेंही विचारा." पुढच्या घरीं आणखी कोणी लिहिलें, त्याच्या पुढच्या घरीं आणखी. कोरें पान भरलें आणि मजकूर पुठ्ठ्यावर गेला. दोन वर्षांतला तो पहिला वाद. मला तो दिवाळीसारखा वाटला.

वाढ कांहीं एका रात्रींत झाली नाहीं. वैशाखांत दहावें घर आलें, ज्येष्ठांत गेलेल्यांपैकीं तीन परतलीं. तें सद्गृहस्थ अजून रुसलेले आहेत. पण पिशवी त्यांच्या घरीं दोन दिवसांऐवजीं तीन दिवस राहते, असें सूनबाई सांगतात. ह्या श्रावणी पौर्णिमेस घरें पंधरा झालीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मी दुसरी प्रत लिहावयास बसलें, तेव्हां सासूबाई दिवा जवळ सरकवून म्हणाल्या, "शेवटचें पान कोरें ठेव हो, आणि ह्या खेपेस दोन ठेव."

कडुनिंबाची डहाळी मी अजून ठेवतें. मागच्या अंकांत ती परत आलीच नाहीं. कोणा घरीं पान उलटतांना पडली असावी.