अक्षतांचा प्रकाश

मंगल कार्यालयातील छायाचित्रकाराची खरी परीक्षा शेवटचे ‘सावधान’ होऊन अंतरपाट दूर सरतो त्या निमिषात होते, आणि फ्लॅश कोणते घ्यावेत, किती घ्यावेत, कोठे उभे करावेत या साऱ्या प्रश्नांचा निवाडा मी त्या निमिषाकडे पाहूनच करीत आलो आहे. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविलेला फ्लॅश आज्ञाधारक खरा. परंतु तो समोरून प्रकाश फेकीत असल्यामुळे मुद्रेवरील छायाभेद पुसून टाकतो आणि मागे उभ्या असलेल्या आप्तेष्टांना अंधाराच्या हवाली करतो. तोच सोडवून मंचाच्या बाजूस, उंच स्टँडवर, पांढऱ्या छत्रीमागे तैनात केला, की नथीतले मोती गोल दिसू लागतात.

नवशिके हा स्टँड वधूवरांच्या अगदी जवळ आणतात. जवळचा प्रकाश मृदू असतो, हे एकट्या व्यक्तीच्या चित्रापुरते मान्य; परंतु प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत असल्याने, फ्लॅशपासून दोन मीटरवरील वधूला जेवढा मिळतो त्याचा केवळ चतुर्थांश चार मीटरवरच्या मामांच्या वाट्यास येतो. तोच फ्लॅश मागे नेऊन वधू सहा व मामा आठ मीटरवर आले, तर मामांना तिच्या निम्म्याहून अधिक प्रकाश लाभतो, आणि मामांची तक्रार राहत नाही.

दुकानदार गाइड नंबर साठ असल्याचे अभिमानाने सांगतो; तो आकडा बहुधा फ्लॅशचे डोके 200 मिलिमीटरवर झूम केले असतानाचा असतो, आणि छत्रीमागे त्याला फारसा अर्थ उरत नाही. माझा दस्तूर निराळा आहे. आयएसओ 800 ते 1600 च्या दरम्यान ठेवावा आणि फ्लॅश एक-षोडशांश शक्तीवर चालवावा. शक्ती कमी केली की लखलखाट अत्यल्प काळाचा होतो, आणि हॅरल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा मुकुट ज्या तत्त्वाने पकडला त्याच तत्त्वाने अक्षतांचा दाणा न् दाणा हवेत थबकलेला उमटतो. शिवाय पूर्ण शक्तीने सुटलेला फ्लॅश सेलवर पुन्हा भरण्यास दोन-तीन सेकंद घेतो, आणि तेवढ्यात हार घालून झालेले असतात!

कार्यालयातील दिवे पिवळे असल्यास फ्लॅशवर नारिंगी जेल चढवावे. अन्यथा वधू पांढरीफटक आणि पाठीमागचा मंडप हळदीत बुडालेला, असा विचित्र देखावा होतो. (जांभळ्या एलईडींची रोषणाई करणाऱ्या मंडपवाल्यांपुढे मात्र कोणतीही तजवीज चालत नाही.) दुसऱ्याचा प्रकाश पाहून सुटणारे फ्लॅश येथे निरुपयोगी, कारण पाहुण्यांपैकी कोणाच्याही कॅमेऱ्याच्या हुकमाने ते उडतात; म्हणून रेडिओ ट्रिगरच घ्यावा.

तेव्हा एका बलाढ्य, महागड्या फ्लॅशपेक्षा मध्यम प्रतीचे, एकाच जातीचे दोन घ्या, आणि प्रत्येक स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी ठेवा. कार्यालयात मुले धावत असतात.