दोन नोंदींच्या मधलं

सातबाऱ्यावर माणसाचं नाव लागतं आणि एक दिवस ते कमी होतं. तलाठ्याच्या दप्तरात १ ते २१ गाव नमुने असतात. जमीन, पीक, महसूल, वारस, प्रत्येकाला त्यात रकाना आहे. नाव लागल्यापासून कमी होईपर्यंत माणूस जे जगतो, त्याला मात्र रकाना नाही. मी तलाठी आहे आणि कथा लिहिते. का लिहिते, याचं माझ्यापुरतं उत्तर या न भरलेल्या जागेत आहे.

माझा सजा सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, आटपाडीच्या बाजूला आहे. २०२४ मध्ये आमचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी असं झालं, पण गावाला मी अजून तलाठी मॅडमच. पोटासाठी नोकरी आणि जिवासाठी लेखन अशी वाटणी लिहिणाऱ्या माणसांबद्दल लोक परस्पर करून टाकतात. माझ्याकडे तशी वाटणी नाही. सुरुवातीच्या वर्षांत मात्र मला या कामाचा अर्थ लागत नव्हता. फेरफार, पीक पाहणी, मार्चअखेरची वसुली, दाखले, निवडणुकीची कामं, यांत दिवस जायचा. रात्री अंथरुणावर पडल्यावर गट नंबर आठवायचे. दिवसभर समोर बसून गेलेल्या माणसांतला एकही चेहरा आठवायचा नाही. त्याची मला भीती वाटायला लागली होती.

एका उन्हाळ्यात गारपीट झाली आणि डाळिंबाच्या बागांचे पंचनामे सुरू झाले. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर शेतकरी मदतीला पात्र ठरतो. त्यामुळे प्रत्येक बांधावर आमचं सगळं लक्ष त्या आकड्यावर. एका बागेत एक म्हातारे गृहस्थ गारांनी फुटलेली फळं लहान-मोठी निवडून क्रेटमध्ये लावत बसले होते. बाजारात त्या फळांना कुणी हात लावणार नव्हतं. मी विचारलं, "काका, आता कशाला निवडताय?" ते म्हणाले, "हात रिकामा ऱ्हायला तर डोस्कं फिरंल, बाई."

पंचनाम्यात क्षेत्र आलं, पीक आलं, टक्केवारी आली. पंचांच्या सह्या झाल्या. काकांचं वाक्य कुठे लिहायचं? त्या रात्री मी ते मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं, आणि त्यामागून त्यांचे हात, क्रेट, बागेतला कच्च्या फळांचा वास असं सगळं येत गेलं. तिथून माझं लेखन सुरू झालं.

वाचनाची आवड आधीपासून होती. आमच्याच माणदेशातल्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. तिचा निवेदक धनगरवाडीवर नेमणूक झालेला मास्तर आहे. कॉलेजात असताना मी ती माणदेशाची गोष्ट म्हणून वाचली होती. नोकरी लागल्यावर ती एका सरकारी नेमणुकीची गोष्टही आहे, हे लक्षात आलं. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टच्या नोकरीत होते आणि कोकणावर कादंबऱ्या लिहीत होते. विश्वास पाटलांनी महसूल खात्यात अधिकारी असताना धरणग्रस्तांवर 'झाडाझडती' लिहिली आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दप्तर सांभाळता सांभाळता माणसांबद्दल लिहिता येतं, हा धीर मला या पुस्तकांनी दिला.

माझ्या कामात सगळ्यांत जास्त कथा वारस नोंदींत असतात. खातेदार वारला की आम्ही चौकशी करून वारसांची नावं लावतो. मुलींची नावंही लागतात; तो त्यांचा कायद्याने हक्क आहे. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. पण नाव लागलं की पुष्कळ घरांत लगेच हक्कसोडपत्राची बोलणी सुरू होतात. दुय्यम निबंधकाकडे दस्त होतो, आमच्याकडे फेरफार येतो, नोटिसा निघतात, मुदतीत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बहिणीचं नाव कमी होतं.

एकदा एक बाई भावाबरोबर चावडीत आल्या. नाव लागलं होतं. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. माझं नाव हाय तेवढं वाचून दावा." मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. काही आठवड्यांनी त्यांचं हक्कसोडपत्र माझ्यासमोर आलं.

त्यावर मी कथा लिहिली. गाव, नाती, पीक, वय, सगळं बदललं. लोक सरकारी माणसासमोर विश्वासाने बोलतात. तो विश्वास कथेच्या मोबदल्यात मोडायचा नाही, हा माझा पहिला नियम आहे. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली. संपादकांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "सही केल्यावर ती घरी कशी गेली?"

मला सांगता येईना. दस्ताची तारीख, फेरफाराचा क्रमांक, साक्षीदार, सगळं मला ठाऊक होतं. पण ती एसटीने गेली का, भावाने गाडीवर सोडलं का, माहेरी जेवली का, सासरी पोचल्यावर कुणाला काय सांगितलं, यातलं काहीच माहीत नव्हतं. कथा पुरी करायला मला त्या बाईबरोबर तिच्या दारापर्यंत मनाने चालत जावं लागलं. ते लिहायला पावसाळा सरला.

कथा छापून आली. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट पुढे कामावर घडली. आता वारस नोंदीसाठी बहीण समोर आली की मी तिला स्वतंत्र खुर्ची देते. तिच्या नावाने काय लागलं आहे, ते वाचून दाखवते. हक्कसोड केल्यावर काय होतं, आणि नोटिशीच्या मुदतीत हरकत घेता येते म्हणजे नेमकं काय, हे तिलाच सांगते, भावाला नाही. निर्णय तिचा. बऱ्याच जणी हक्क सोडतातच; माहेर तुटू नये म्हणून सोडतात, आणि त्यांचं ते कारण मला खरं वाटतं. पण आपण काय सोडतोय, हे त्यांना माहीत असतं. नियमात हे सगळं आधीपासून होतं. ते जिवंत माणसासाठी आहे, हे मला कथेने दाखवलं.

लिहायला वेळ पहाटेचाच. मार्चमध्ये, निवडणुकीत, पंचनाम्यांच्या दिवसांत वही उघडत नाही. तेव्हा एकेक वाक्य टिपून ठेवते, एवढंच. "रिटायर झाल्यावर निवांत लिहा की," असं घरचेही मायेने म्हणतात. पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे, ती माणसं चावडीत आज येतात. आज त्यांचं ऐकून घेतलं नाही, तर निवृत्तीनंतरच्या निवांतपणात मी कुणाबद्दल लिहिणार?

नव्याने रुजू झालेली मुलं-मुली कधी भेटतात, कामाने दबलेली असतात. मी त्यांना लेखक व्हा असं सांगत नाही. दिवसाला एक वाक्य लिहा म्हणते: आज समोर बसलेल्या माणसाचं, जे कुठल्याच नमुन्यात बसलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा आला, तर त्याचं काम तुम्ही वेगळ्या मनाने कराल, एवढी खात्री मी त्यांना माझ्या अनुभवावरून देते.