एकच बैठक

सप्टेंबर २०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी ‘कौन बनेगा करोडपती’च्या अकराव्या पर्वात एक कोटी रुपये जिंकले. त्या वेळी तीन गोष्टी घरोघरी पोचल्या. त्या शाळेत साडेचारशेच्या आसपास मुलांची खिचडी शिजवतात, त्याचं महिन्याला दीड हजार रुपये मानधन मिळतं आणि पैसे मिळाले तर आधी स्वतःसाठी एक मोबाइल घ्यायचा त्यांचा विचार आहे. आमच्या बाभुळगावात बसून ही बातमी वाचणाऱ्याला यातलं काहीच परकं नव्हतं. अमरावती ओलांडली की पलीकडे अंजनगाव. तिथल्यासारखीच खिचडी आमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांतही शिजते, आणि ती शिजवणाऱ्या बाईला गावात कुणी सामान्य ज्ञानाचा प्रश्न विचारत नाही. म्हणूनच त्या कौतुकात राहिलेली एक उणीव मला आजही सलते. मानधन मोजलं गेलं, मुलं मोजली गेली. पण या बाईंनी काय वाचलं, कधी वाचलं, इतकं सारं डोक्यात कसं राहिलं, याकडे फारसं कुणी वळलं नाही. बबिताताई गरीब होत्या म्हणून जिंकल्या नाहीत. त्यांना येत होतं म्हणून त्या जिंकल्या. हे इतकं उघड असूनही आपल्याला दिसत नाही, आणि त्याला आपल्या नजरेइतकाच त्या खेळाचा नियमही कारणीभूत आहे, असं माझं मत आहे.

हा नियम समजून घ्यायचा तर अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमाकडे पाहावं लागतं. तिथे आज जिंकणारा उद्या पुन्हा खेळायला येतो. २००३ पर्यंत पाच विजयांनंतर विजेत्याला निरोप दिला जाई. ती मर्यादा उठली आणि पुढच्याच वर्षी केन जेनिंग्ज हा संगणक अभियंता लागोपाठ ७४ सामने जिंकला. २०१९ मध्ये, म्हणजे बबिताताईंच्याच वर्षी, लास वेगासचा जेम्स होल्झहॉवर ३२ सामने जिंकून २४ लाख डॉलरच्या वर गेला. तो आधी मोठ्या रकमेचे प्रश्न उचलायचा आणि संधी मिळताच सगळी कमाई पणाला लावायचा. त्याची तयारी मात्र साधी होती. ग्रंथालयात बसून त्याने लहान मुलांसाठी लिहिलेली माहितीची सचित्र पुस्तकं वाचून काढली होती. या दोघांना कुणी नशीबवान म्हणत नाही. एकदा जिंकला तर योगायोग म्हणता येतो, बत्तिसाव्यांदा तसं म्हणायला जीभ धजत नाही. पण मर्यादा उठण्याआधी हेच जेनिंग्ज आले असते, तर ते पाच दिवसांचे विजेते म्हणून विस्मरणात गेले असते. डोक्यातलं ज्ञान तेवढंच असतं. नियम बदलला की ते दिसू लागतं.

आपल्याकडच्या खेळात ही सोयच नाही. जिंकणारा एकदाच त्या खुर्चीत बसतो आणि जातो. २००० साली पहिले कोट्यधीश झालेले मुंबईचे हर्षवर्धन नवाथे स्पर्धा परीक्षांची तयारी करत होते. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कुणाला देते, या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी महान्यायवादी हे बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बसवलं असतं तर ते किती टिकले असते, हे कुणालाच कळणार नाही. एकाच बैठकीवरून माणसाची उंची ठरवायची वेळ आली की पाहणारे सोपी वाट धरतात. तरुण असेल तर परीक्षेची तयारी कामी आली म्हणतात, स्वयंपाकीण असेल तर नशीब उघडलं म्हणतात.

चार पर्यायांतून एक निवडायचा, मग नशीब नाही तर काय, असं कुणी म्हणेल. कोटीपर्यंतचे पंधरा प्रश्न निव्वळ अंदाजाने सुटण्याची शक्यता १०७ कोटींत एक इतकी आहे. लाइफलाइन धरल्या तरी त्या मोजक्याच प्रश्नांना पुरतात. बाकीचे आपल्या बळावर सोडवावे लागतात. हां, प्रश्न कोणते येतील यात नशीब असतं, हे मान्य. पण ज्याचं वाचन एका कोपऱ्यातलं आहे त्याला ते नशीब लवकर दगा देतं आणि चौफेर वाचणाऱ्याला उशिरा. कोटीच्या टप्प्यावर बबिताताईंसमोर १८५७ च्या उठावाचा प्रश्न आला. ‘दास्तान-ए-गदर’ हे त्या धामधुमीचं आत्मकथन बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीचं? उत्तर होतं जहीर देहलवी. शाळेच्या पुस्तकात १८५७ भेटतं, जहीर देहलवी सहसा भेटत नाही. (ज्या गावातून त्या आल्या, त्या गावाचं नावही इतिहासाच्या प्रश्नांत येतं: दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला डिसेंबर १८०३ चा तह सुर्जी-अंजनगावचाच.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाहिनीला गोष्ट हवी असते, आणि दीड हजारांत राबणारी बाई ही पडद्यावर शोभणारी गोष्ट आहे. निवडीत याचा भाग असेलही, मी तो नाकारत नाही. पण ती गोष्ट फार तर खुर्चीपर्यंत पोचवते. पंधराव्या प्रश्नाला समोरच्याचा पगार ठाऊक नसतो.

मला बबिताताईंच्या खेळातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती पुढची. सात कोटींचा प्रश्न आला आणि त्या थांबल्या. चुकल्या असत्या तर हाती फक्त ३ लाख २० हजार उरले असते. निव्वळ गणित मांडलं तर आंधळेपणाने पर्याय निवडणाराही सरासरीने पावणेदोन कोटींच्या किंचित वर जातो, म्हणजे एक कोटी घेऊन उठण्यापेक्षा खेळणं फायद्याचं. होल्झहॉवर असता तर कदाचित खेळलाही असता. पण सरासरी ही पुन्हा पुन्हा खेळणाऱ्याची असते. ज्याला एकच बैठक आहे त्याच्यासाठी चारपैकी तीन वेळा ९६ लाख ८० हजार बुडतात, आणि ते भरून काढायला दुसरा दिवस येत नाही. आपल्याला काय येत नाही याची अचूक जाण आणि त्या जाणिवेवर उभं राहण्याचं धाडस, हे दोन्ही त्या क्षणी दिसलं. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी तो सौदा स्वतःच्या घरावर लावून पाहावा. ज्ञानाची कड नेमकी कुठे संपते हे कळणं हाही ज्ञानाचाच भाग आहे, आणि तो पडद्यावर इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

मग इतकं येत होतं तर त्या खिचडीच का शिजवत होत्या, असं कुणी विचारेल. जिंकल्यावरही हे काम सोडणार नाही असं त्या म्हणाल्या, त्याचंही कौतुकच झालं. हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही, त्या कामाच्या रचनेला विचारायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न हा मुलांचा हक्क ठरला. त्या हक्कासाठी देशभर लाखो बाया चुलीपुढे उभ्या राहिल्या, पण त्यांच्या कामाला नोकरी न म्हणता मानधनाचं काम म्हटलं गेलं. त्यात बढती नाही, परीक्षा नाही, स्वयंपाकखोलीतून शाळेच्या ग्रंथालयाकडे जाणारी वाट नाही. बबिताताईंना पुढे जिल्ह्यात मतदार जागृतीसाठी सदिच्छादूत नेमलं गेलं, तो मान योग्यच होता. माझी मागणी त्याहून लहान आहे, आणि ती बाभुळगावच्या शाळांनाही लागू आहे. जिथे स्वयंपाक करणारी बाई वाचणारी असेल, तिथे आठवड्यातला एक तास तिने वर्गात मुलांना प्रश्न विचारावेत, आणि त्या तासाचे पैसे तिला खिचडीच्या मानधनाहून वेगळे मिळावेत.