आमची माणसं येताहेत

नगरच्या माळीवाडा एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आतच तिच्यातल्या जागा धरल्या जातात. गाडी मागे मागे येत असते, वाहकाची शिट्टी चालू असते आणि त्याच वेळी खिडक्यांतून रुमाल, टोप्या, उपरणी, भाजीच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आत पडत असतात. दाराशी लोंढा. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, असं कुणीतरी ओरडत असतं आणि ते कुणाच्या कानावर जात नाही. ज्याचा रुमाल आत पडला तो मात्र निवांत मागे उभा राहतो.

रुमालाचा हा कायदा कुठे लिहिलेला नाही. महामंडळाच्या नियमांत तर नाहीच. तरी पाथर्डीपासून अकोले-राजूरपर्यंत तो पाळला जातो. रुमाल उचलून बाजूला ठेवणारा भेटतो, नाही असं नाही, पण तोही आधी विचारतो, "कुणाचा आहे हो हा?" एका रुमालावर एक जागा, याला सहसा कुणी हरकत घेत नाही. भांडण होतं ते एकाच माणसाने तीन जागा धरल्या की. बाकाच्या एका टोकाला पिशवी, मध्ये टोपी, खिडकीशी तो स्वतः, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर, "आमची माणसं येताहेत."

हे उत्तर मी वडिलांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. दिवाळीच्या सुट्टीत पाथर्डीकडे आजोळी जायचं म्हणजे गर्दी ठरलेली. वडील गाडीच्या बरोबरीने धावत जायचे आणि दांडी धरून चालत्या गाडीतच चढायचे. आम्ही खाली. आईच्या एका हातात धाकट्याचं मनगट, दुसऱ्या हातात फराळाचा डबा. आजीच्या पायाशी गाठोडं. खिडकीत वडिलांचा चेहरा दिसेपर्यंत आई एक शब्द बोलायची नाही. चेहरा दिसला, त्यांनी बोटं दाखवली, की किती जागा मिळाल्या ते तिला कळायचं. मग ती आम्हाला घेऊन दाराकडे निघायची, अगदी सावकाश.

त्या वेळच्या लाल गाडीत एका अंगाला तिघांचं बाक असे, दुसऱ्या अंगाला दोघांचं. पाच माणसांच्या घराला अख्खी ओळ मिळावी, याहून मोठं सुख नव्हतं आणि ते क्वचितच पदरात पडे. एरवी जिथे जिथे जागा धरली गेली असेल तिथे माणसं बसवावी लागत. ही वाटणी आई करायची. ज्याला गाडी लागते तो खिडकीशी, कारण पुढे करंजीचा घाट आहे आणि घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच धाकट्याचा चेहरा उतरतो, हे तिला पाठ. त्याच्या शेजारी ती, मुठीत लिंबू, मांडीवर प्लास्टिकची रिकामी पिशवी. आजी पुढच्या बाकावर, कारण मागच्या चाकावरच्या जागेत प्रत्येक खड्ड्याला तिच्या कमरेतून कळ जायची. मी आजीजवळ, तिला पाणी हवं झालं तर द्यायला. आणि ज्यांनी एवढ्या जागा धरल्या ते वडील उभे. वरच्या दांड्याला धरून, मेहेकरीला नाहीतर करंजीला कुणी उतरलं तर टेकू, या भरवशावर. त्या वाटणीत कुणाला काय दुखतं-खुपतं याची घरातली सगळी माहिती आलेली असे. अनोळखी माणसाला आमची पाच सुटी तिकिटं दिसत. आईला त्यांत कोण कुणाला लागेल ते दिसे.

शेजारी बसण्याची एवढी ओढ कशाची, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. माया वगैरे घरी असतेच. प्रवासात प्रश्न हाताच्या अंतराचा असतो. उलटी येतेय असं धाकटा चार बाकं पलीकडून सांगू शकत नाही. आजीला ऐकू कमी येतं. तिसगाव आलं की पाथर्डी, हे तिला शेजारच्यानेच सांगावं लागतं.

पाच वर्षांच्या आतलं मूल एसटीत विनातिकीट जातं, पाच ते बारा अर्धं तिकीट. विमानात मांडीवरच्या मुलाची हीच मर्यादा दोन वर्षांची. तिकीट नाही म्हणजे जागाही नाही, मूल मांडीवर. पण मांडी कुणाची, हे कुठल्याच नियमात नाही, आणि आमचा धाकटा किती तरी वेळा कुणा अनोळखी मावशीच्या मांडीवर झोपून तिसगावपर्यंत गेलेला आहे. "राहू दे गं, झोपलंय ते," असं म्हणून तिने आईचे पुढे आलेले हात मागे सारलेले मला आठवतात. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचा वळ त्याच्या गालावर उठला होता. उतरताना आईने तिला मूठभर चिवडा कागदात बांधून दिला.

कुटुंबाला एकत्र जागा मिळते ती बहुतेक वेळा एकट्या माणसामुळे. हे मला उशिरा दिसलं, स्वतः एकटी प्रवास करू लागल्यावर. दोघांच्या बाकावर खिडकीशी एकच माणूस बसलेला असतो. कोर्टाच्या तारखेला नगरला येऊन परत निघालेला, मांडीवर कागदांची पिशवी. किंवा रात्रपाळी संपवून निघालेली नर्स, डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलेलं. किंवा वसतिगृहातून गावी निघालेला पोरगा. आणि एक घर येऊन त्याच्यापुढे उभं राहतं. "ओ मामा, तेवढं मागं बसता का? लेकरू हाय बरोबर." तो वर बघतो, लेकराकडे बघतो, आणि उठतो. बहुतेक उठतातच. आपली खिडकी, आपली सावलीची बाजू, कधी आपली झोप सोडून मागच्या चाकावर जाऊन बसतात. कुणी त्यांचे आभार मानतं, कुणाला गडबडीत सुचत नाही. रात्रपाळी करून आलेल्या बाईला उठवणं ही लहान गोष्ट नाही. पण आपल्याकडे एकट्या माणसाचं काय अडलंय, असंच धरून चालतात. त्याच्यासाठी खिडकीतून रुमाल टाकणारं कुणी नसतं आणि त्याला उठवायला सगळे असतात. म्हणून कुटुंबाच्या हक्काबद्दल बोलताना मला आधी त्याचं देणं आठवतं.

एसटीचा आणि या नगर जिल्ह्याचा संबंध अगदी पहिल्या दिवसाचा. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. निळ्या आणि रुपेरी रंगाची ती गाडी, सांगाडा लाकडी, बैठका काथ्याच्या. त्याआधी खासगी मोटारी चालत. त्यांना ठरलेली वेळ नव्हती, ठरलेलं भाडं नव्हतं, माणसं भरली की गाडी निघायची. एसटीने वेळ बांधली, भाडं बांधलं, थांबे बांधले. गावखेड्यातल्या माणसाला पहिल्यांदाच सांगता आलं की मी अमुक वाजता पोचेन. जागा मात्र जो आधी चढेल त्याची राहिली. पुढे लांबच्या गाड्यांना आरक्षण आलं, खिडक्यांवर राखीव जागांची अक्षरं रंगवली गेली: महिला, अपंग, विधानसभा सदस्य, स्वातंत्र्यसैनिक. या प्रत्येक पाटीमागे एक न्याय आहे आणि तो मला मान्य आहे. लेकरू आणि त्याची आई, म्हातारा आणि त्याची सून, अशा जोडीसाठी पाटी मात्र मी पाहिलेली नाही.

अलीकडे गाड्यांतली माणसं बदलली. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. ज्या जावा-जावा, नणंदा-भावजया आयुष्यात एकत्र घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्या आता मोहट्याच्या देवीला मिळून निघतात, सोबत सासू असते, सासूची बहीण असते. हे बघताना मला फार बरं वाटतं. फक्त नव्या गाड्यांत तिघांचं बाक जाऊन दोन-दोनचं आलं, आणि आठ बायकांचा घोळका आठ ठिकाणी विखरून बसतो. पिशवीतल्या दशम्या मग डोक्यांवरून, हातोहात, मागच्या बाकापर्यंत जातात. मधल्या अनोळखी माणसालाही एक मिळते.

याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचं विमानतळ सुरू झालं. उद्घाटनाला राष्ट्रपती रामनाथ कोविंद आले होते. साईबाबांच्या दर्शनाला दक्षिणेकडून उतरणारी घरं इथे पाहावीत. आजोबा, आजी, सुना, कडेवरची मुलं. त्यांतल्या कित्येकांचं हे पहिलंच विमान असतं. आणि त्यांना आरक्षणाच्या वेळी कळतं की खिडकीचे पैसे वेगळे, पुढच्या रांगेचे वेगळे, पाय पसरायच्या जागेचे वेगळे. जे भरत नाहीत त्यांच्या वाट्याला उरलेल्या जागा, आणि उरलेल्या जागा बहुधा मधल्या, एकेकट्या. आजी सातव्या रांगेत, नातू बाविसाव्या.

विमानातही रुमाल टाकण्यासारखा काळ होता. कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एअर डेक्कनमध्ये जागेचा आकडाच नसे. जो आधी चढेल तो हवं तिथे बसे. अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने १९७१ पासून पन्नासहून अधिक वर्षं हीच रीत चालवली. अ, ब, क अशा गटांनी प्रवासी आत सोडायचे, आणि सहा वर्षांपर्यंतची मुलं बरोबर असलेल्या घरांना अ गटानंतर आणि ब गटाच्या आधी वाट द्यायची. त्या एका फटीतून घरं आत जात आणि शेजारी शेजारी बसत, कुणालाही न उठवता. २७ जानेवारी २०२६ पासून तिथेही ठरलेल्या जागा आल्या.

ठरलेली जागा वाईट असं मी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला धावायला लागत नाही, ही केवढी सोय. पण जागेला किंमत आली की उठण्याचा अर्थ बदलतो. खिडकीसाठी जादा पैसे मोजलेल्या तरुणाला एखादी आई म्हणते, "दादा, माझं लेकरू तिकडे एकटं आहे, बदलता का?" आणि तो ओशाळतो. नाही म्हणालो तर दगड, हो म्हणालो तर भरलेले पैसे गेले. एसटीतला मामा खिडकी सोडतो तेव्हा त्याने ती विकत घेतलेली नसते. विमानात त्या तरुणापुढे कंपनीने आईला उभं केलेलं असतं. एक घर, एक आरक्षण, सगळ्यांची वयं कागदावर. मूल कुठे बसणार हे कंपनीच्या यंत्राला आठ दिवस आधीच माहीत असतं.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये जे सांगितलं ते मला मोलाचं वाटतं: बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची, आणि त्याची नोंद ठेवायची. यात मुलाची सोय आहेच. पण त्या खिडकीतल्या एकट्या तरुणाचीही आहे. नियम पाळला गेला तर लेकरासाठी त्याच्यापुढे कुणाला हात जोडायला लागत नाहीत.

माझी मागणी एवढ्यावर थांबत नाही. पहिल्यांदा विमानात बसलेली सत्तरीतली आजी बारा वर्षांच्या नातवाइतकीच भांबावते. पट्टा कसा लावायचा तिला कळत नाही, हवाई सुंदरीला हाक कशी मारायची कळत नाही, कानांना दडे बसले की आपल्याला काहीतरी झालं असं तिला वाटतं. तिच्याही शेजारी घरातलं एक माणूस हवं, पैसे न मोजता. वयाची खालची मर्यादा लिहिता येते तर वरचीही लिहिता येईल.

आणि एसटीत? तिथे यंत्र लागत नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, जादा गाड्या सुटतात. गडाखाली संध्याकाळच्या गर्दीत एक वाहक बाई दारात आडवी उभी राहिलेली मी पाहिली आहे. खाकी कपडे, खांद्याला पैशाची पिशवी, तिकिटाचं मशीन छातीशी. खिडक्यांतून रुमाल पडत होते. ते गोळा करून तिने चालकाच्या मागच्या कप्प्यात ठेवून दिले.

"ज्यांच्या कडेवर लेकरू आहे त्या आधी चढा. मग म्हातारी माणसं, आणि त्यांच्याबरोबरचं एकेक जण. बाकीच्यांनी रांग लावा."

एक-दोघे कुरकुरले. आपला रुमाल कुठे गेला म्हणून एकाने आवाज चढवला. तो उतरताना मिळेल, असं तिने त्याला सांगितलं. आणि लोकांनी रांग लावली.