तेलाची गाळणी

आमच्या थोरल्याने दिमोनाहून बेर्शेबाला कामावर जाण्यासाठी वापरलेली होंडा मोटरसायकल घेतली. तिचा ऑईल फिल्टर बदलायचा होता. दुकानदाराने मोटारीचा फिल्टर पुढे केला. "आटे तेच, २० मिलिमीटरचे, किंमत निम्मी!" म्हणाला. शनिवार तेल्यांच्या वंशजांना तेलाच्या बाबतीत असे गुंडाळता येते होय?

आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नव्हे. फिल्टरच्या आत स्प्रिंगची एक झडप असते. गाळणी तुंबली की ती उघडते व तेल न गाळताच पुढे सोडते, म्हणजे इंजिन कोरडे पडत नाही. पण किती दाबाला उघडावी, हे सर्व इंजिनांचे सारखे नसते. लवकर उघडली तर कचरा थेट बेअरिंगांत. शिवाय तोंडाशी असलेले रबरी कडे बैठकीवर नीट टेकले नाही तर तेल गळून मागच्या चाकावर येते, आणि मोटार चार चाकांवर उभी असते, पोरगा दोनच!

आम्ही गाडीच्या पुस्तिकेतला नंबर लिहून दिला व तोच फिल्टर मागविला. बसविताना जुने कडे इंजिनला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहिले. नव्या कड्याला तेलाचे बोट लावले. फिल्टर येईपर्यंत चार दिवस चिरंजीव बसने गेले, तोंड फुगवून.