मोज्याचा काठ

थंडी सुरू झाली की आमच्या घरात अम्मींच्या मोज्यांचे काम निघते. त्यांना साखरेचा आजार जुना आहे, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. बाजारच्या मोज्यांचे इलॅस्टिक पोटरीवर लाल वळ उठवते. शिवाय दिवसातून पाच वेळा वुजू, म्हणजे मोजे पटकन निघायलाही हवेत. म्हणून आम्ही दोघी जावा त्यांचे मोजे घरीच विणतो, बोटांकडून सुरुवात करून वर पोटरीपर्यंत. खरी परीक्षा शेवटी, टाके बंद करताना.

नेहमीच्या रीतीत दोन टाके विणून पहिला दुसऱ्यावरून ओलांडून टाकतात. त्याची काठावर साखळी होते. दिसते सुबक, पण ताणत नाही. खालची एक सुलट, एक उलट अशी पट्टी रबरासारखी पसरते आणि वरून साखळी तिला आवळून धरते! जाड सुईने टाके बंद करा, असे पुष्कळ जणी सांगतात. थोडा फरक पडतो, पण काठ झालरीसारखा फाकतो. आम्हांला तो आवडत नाही.

आम्ही काठ शिवून बंद करतो. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम शिक्षिकेने ही रीत लोकप्रिय केली. काठाच्या घेराच्या तिपटीहून थोडी जास्त लोकर ठेवून कापावी आणि बोथट टोकाच्या सुईत ओवावी. पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे सुई घालून धागा ओढावा. मग फक्त पहिल्या टाक्यातून डावीकडून उजवीकडे परत यावे आणि तो टाका विणायच्या सुईवरून सोडावा. राहिलेला दुसरा टाका आता पहिला झाला. त्याच्या शेजारचा घेऊन पुन्हा तेच. धागा गच्च ओढू नये, लोंबताही ठेवू नये. काम संथ आहे. थोरलीला कायम घाई, म्हणून ते धाकटीकडे असते.

काठ पुरा झाला की आत मूठ घालून बोटे पसरून पाहतो. उरलेल्या धाग्याला गाठ मात्र मारत नाही. अम्मींच्या पायाला टोचलेले कळत नाही, आणि जखम झाली तर लवकर भरत नाही. तो धागा आतल्या बाजूने टाक्यांमधून नागमोडी ओवतो आणि मोजा उलटा करून सगळीकडून बोट फिरवून बघतो.